दारावरचे श्लोक आणि गल्लीतली सुवार्ता

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु त्या गावी गेले की माझे चित्त मठांच्या व सनदांच्या इतिहासापेक्षा त्यांच्या मनाच्या श्लोकांच्या ठेक्यातच अधिक रमते. लघु, गुरु, गुरु असा गण चार वेळा यावा आणि बारा अक्षरांत चरण पुरा व्हावा, अशा भुजंगप्रयातात बांधलेले हे २०५ श्लोक रामदासी भिक्षेकऱ्याने दाराशी उभे राहून म्हणावेत आणि घरातल्या निरक्षर माणसालाही ते आपोआप पाठ व्हावेत, ही योजना ज्याने केली त्याला उपदेशाची वाट कानातून जाते हे पुरते उमगले होते.

ख्रिस्ती हिप-हॉप म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी प्रथम या भिक्षेकऱ्याकडे बोट दाखवीन. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका घरगुती समारंभात कूल हर्क नावाच्या तरुणाने दोन तबकड्यांच्या साह्याने गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा लांबवीत नेला. त्या तालावर चालीत न गाता लयीत बोलण्याची जी रीत रुजली, तिला रॅप म्हणतात. दारिद्र्याने आणि उपेक्षेने गांजलेल्या वस्तीची ती वाणी होती. तिच्यातून ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्याचा उद्योग लवकरच सुरू झाला. १९८५ साली स्टीफन वाइली यांचा ‘बायबल ब्रेक’ हा रॅपसंग्रह प्रसिद्ध झाला. परंतु या वाणीचे खरे सामर्थ्य कळते ते लक्रे मूर या गायकाच्या वृत्तान्तावरून. बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात स्वयंसेवक म्हणून जात असता त्याने तेथील मुलांपुढे आपले रॅप म्हटले, आणि त्या मुलांनी ज्या उत्कटतेने ते ऐकले ती पाहूनच त्याने हा मार्ग पत्करला. पुढे त्याच्या ‘ग्रॅव्हिटी’ या गीतसंग्रहाला २०१३ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट त्या सुधारगृहातली आहे. ख्रिस्ती उपासनेत ‘साक्ष’ देण्याची जुनी प्रथा आहे: मी कोण होतो, कोठे पडलो, कोणी उचलले, हे मंडळीपुढे उभे राहून सांगावयाचे. रॅपही मूळचा प्रथमपुरुषी. म्हणून साक्ष आणि रॅप यांची गाठ सहज बसली, आणि चर्चची पायरी कधी न चढलेल्या मुलाला आपल्याच गल्लीच्या बोलीत आपलीच कहाणी ऐकू येऊ लागली.

हिंसेची, पैशाच्या मिजाशीची आणि स्त्रीच्या अवहेलनेची भाषा जिच्यात बोकाळली ती वाणी पवित्र कार्यास कशी चालावी, अशी शंका श्रद्धाळूंना येते, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. मात्र अशी शंका प्रत्येक पिढीला आलेली आहे. १८८२ साली फ्रेडरिक टकर आणि त्यांचे तीन सोबती मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेच्या वतीने मुंबईत उतरले आणि वाद्ये वाजवीत भररस्त्याने मिरवणुका काढू लागले, तेव्हा सरकारचा हुकूम मोडल्याबद्दल टकरांना कैद भोगावी लागली. पण अनवाणी पायांनी आणि देशी वेषाने वस्तीत राहणारा हा साहेब लोकांना परका वाटेना.

आपल्या मुलखात तर लोकांच्या ठेक्यातून सुवार्ता सांगण्याचे हे काम मुक्तिफौजेच्या मिरवणुकांच्या पुष्कळ आधी काव्याने सुरू केले होते. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात मराठी ओवीत छापले गेले, तेव्हा जांबचा नारायण आठ वर्षांचा होता. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी हरदासाच्या थाटात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळकांनी तर अभंगाचीच कास धरली, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची मनोधारणा होती.

सांगळे आणि टिळक यांनी ठेका उसना घेतला नव्हता, तो त्यांच्या अंगचा होता. आणि शहरी सेवाकार्यात रॅपचा उपयोग करू पाहणाऱ्यांनी नेमके हेच ओळखावे, असे मला कळकळीने वाटते. एका सायंकाळी ध्वनिक्षेपक घेऊन वस्तीत यावे आणि रात्री परत जावे, अशाने मुले गोळा होतील, पण ती पुन्हा येणार नाहीत. ‘गली बॉय’ या चित्रपटाने २०१९ साली मुंबईच्या वस्त्यांतला रॅप घरोघरी पोहोचविला खरा, परंतु तो रचणारी मुले त्याच गल्ल्यांत वाढलेली होती. आमच्या जालना जिल्ह्यातून कामासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या मुलांना साक्ष ऐकवावयाची असेल, तर ती त्यांच्या मराठवाडी बोलीत आणि त्यांच्या खोलीच्या शेजारी राहणाऱ्याच्या तोंडून यावी लागेल.

टिळकांना हे पटले होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. तो दरबार भरला साताऱ्यास. जांबहून निघालेल्या नारायणाची समाधी आहे तो सज्जनगड त्या शहरापासून दूर नाही.