माल्ट, मिसळ आणि मामाचा ब्रेथ अॅनालायझर

'क्राफ्ट बियर' हे शब्द आपल्या मासिकाच्या मराठी विभागात वाचून ज्या सरांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांना आधीच सांगून टाकते. महाराष्ट्रात बियर प्यायला एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि हार्ड ड्रिंक्सला पंचवीस. मी वीसची आहे. त्यामुळे खालचं सगळं निव्वळ थिअरी आहे, प्रॅक्टिकलचा सबमिशन नाही!

निमित्त झालं नाशिकच्या ताईचं. तिला आणि जिजूंना दोन दिवस पुण्यात येऊन फक्त खायचं होतं आणि इथल्या मायक्रोब्रुअरीज बघायच्या होत्या. "तू केमिकलला आहेस ना, मग तूच प्लॅन कर," असं फर्मान निघालं. द्राक्षं आणि वाइन सोडून माणसं नाशिकहून पुण्याला बियर प्यायला का येतात, हा प्रश्न मी विचारला नाही. पण मजा म्हणजे या कथेचा एक धागा नाशिकलाच जातो. २००९ साली पुण्यात, महंमदवाडीच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये, 'डूलाली' नावाची ब्रुअरी सुरू झाली. आपल्याकडे क्राफ्ट बियरची जी लाट आली तिच्यातलं हे अगदी सुरुवातीचं नाव. पुढे तिचा पसारा मुंबईत वाढला. हे 'डूलाली' म्हणजे आपलं देवळाली! इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे. उकाडा, कंटाळा आणि आजारपण यांनी डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलाली टॅप' म्हणायला लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला ताप. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आम्ही देवळालीहून डूलालीच्या गावाला चाललोय!"

तर क्राफ्ट बियर म्हणजे काय? महाग बियर, हे अर्धंच उत्तर आहे. दुकानातली बाटलीतली बियर मोठ्या कारखान्यात लाखो लिटरने बनते, फिल्टर होते, बहुतेक वेळा ६० अंशांच्या आसपास पाश्चराइज होते आणि मग महिनोन् महिने टिकते. मायक्रोब्रुअरीतली बियर लहान बॅचमध्ये बनते आणि जिथे बनते तिथेच ग्लासात पडते. (काही ब्रुअरीज आता केगमध्ये भरून दुसऱ्या रेस्टॉरंट्सनाही देतात.) तिच्यातलं यीस्ट पूर्ण काढलेलं नसतं, म्हणून ती बऱ्याचदा गढूळ दिसते. ती थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. पिशवीतलं दूध आणि टेट्रापॅक यांत जो फरक, तोच इथे.

आता प्रोसेस. आपल्या युनिट ऑपरेशन्सच्या पेपरात जे जे येतं ते जवळपास सगळं यात आहे. जव भिजवून मोड आणायचे, म्हणजे मटकीला आणतो तसेच, आणि मोड फुटल्या फुटल्या ते वाळवायचे. हे झालं माल्ट. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची एन्झाइम्स तयार होतात. माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की ही एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात. इथे दोन-तीन अंशांनी चव बदलते. तापमान थोडं कमी ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि बियर हलकी, कोरडी होते. थोडं वाढवलं तर न खाता येणाऱ्या साखरा मागे राहतात आणि बियर जाड, गोडसर लागते. एका पीआयडी कंट्रोलरवर चव ठरते, हे आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी मनावर घ्यावं. उरलेला चोथा गुरांना जातो.

मग हे गोड पाणी तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. कडूपणा त्यांचा, आणि बियर लवकर नासू न देण्याचं कामही त्यांचंच. विलायतेहून मुंबई-कलकत्त्याला जहाजाने जाणाऱ्या बियरमध्ये म्हणूनच हॉप्स जास्त घालत. आज मेनूवर 'इंडिया पेल एल' दिसतं ते त्या व्यापारातून आलेलं नाव. उकळलेलं मिश्रण प्लेट हीट एक्स्चेंजरमधून झटपट २० अंशांपर्यंत खाली आणायचं, कारण वाटेत हवेतले जंतू बसले तर बॅच गेली. त्यानंतर यीस्ट. 'एल' जातीच्या बियर १८ ते २२ अंशांना आंबतात आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. 'लागर'ला थंडी लागते, ८ ते १२ अंश, आणि वेळही जास्त. जागा थोडी आणि टाक्या मोजक्या, म्हणून छोट्या ब्रुअरीला एल परवडते. याला मराठीत 'किण्वन' म्हणतात हे मला शब्दकोश उघडल्यावर कळलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फर्मेंटेशन होतं आणि घरी आजीचं 'पीठ आंबलं का बघ' होतं. मला आजीचा शब्द जास्त बरोबर वाटतो.

या आंबण्याची सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे वास. गव्हाच्या जर्मन बियरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत ना केळं असतं ना लवंग! केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं एस्टर यीस्टच बनवतं. ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये आपण हुंगतो तेच. उलट बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. जर्मनीत १५१६ साली बव्हेरियाच्या राजाज्ञेने बियरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही असं ठरलं होतं. त्या यादीत यीस्ट नाही; तो सजीव असतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुण्यात तो कायदा चालत नाही हे बरंच आहे. 'ग्रेट स्टेट एल वर्क्स' ही इथली ब्रुअरी (नाव बघा, 'महा राष्ट्र'!) कोकम आणि मीठ घालून बियर करते. 'मूनशाइन'वाले बियर नाही, पण मधापासून मीड बनवतात. मुंढव्याची 'इंडिपेन्डन्स' २०१४ पासून आहे.

प्लॅन करताना पहिला नियम मी असा केला की तिखट सकाळी आणि बियर संध्याकाळी. हॉप्सचा कडूपणा आणि बुडबुडे तिखटाला आणखी चढवतात. कडू इंडिया पेल एल आणि तर्रीवाली मिसळ यांची युती टिकणारी नाही. गव्हाची किंवा गोडसर माल्टची बियर तिखटाबरोबर जास्त नीट वागते. म्हणून शनिवारी सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. (नाशिककर मिसळीच्या बाबतीत काय म्हणतात ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. जिजू पूर्ण प्लेट संपवून मग "ठीक आहे" म्हणाले.) जवळच प्रभा विश्रांतीगृहाचा बटाटेवडा. दुपारी सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी. कॅम्पात कयानीची श्रूजबेरी बिस्किटं घ्यायची, पण दुपारी दुकान बंद असतं हे पुण्यात नवीन आलेल्याला दोनदा सांगावं लागतं. संध्याकाळी कल्याणीनगर-मुंढवा. पेठांमधून तिकडे जाणं म्हणजे जवळजवळ दुसऱ्या शहरात जाणं आहे, आणि माझ्या मते पुण्यात जोडीने फिरायचं तर ही दोन्ही शहरं एका दिवसात बघायला हवीत.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग जिजू म्हणाले, "गाडी आणतोच आहोत, एकेक मग घेऊन परत येऊ. एका बियरने काय होतंय?"

म्हटलं, गणित करू. ५०० मिली बियर, ५ टक्के अल्कोहोल, म्हणजे २५ मिली. घनता ०.७८९, म्हणून साधारण २० ग्रॅम. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेलं सूत्र सोपं आहे. अल्कोहोलच्या ग्रॅमना शरीराच्या वजनाने आणि एका फॅक्टरने भागायचं. हा फॅक्टर पुरुषांना सुमारे ०.६८ आणि बायकांना ०.५५, कारण शरीरातल्या पाण्याचं प्रमाण वेगळं. ७० किलोच्या जिजूंना उत्तर येतं १०० मिली रक्तात ४२ मिलिग्रॅमच्या आसपास. ५५ किलोच्या ताईला ६६. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम! म्हणजे एका मगमध्ये दोघंही बाहेर. पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मग ताईने विचारलं, "आणि तो छोट्या ग्लासांचा सॅम्पलर शेअर केला तर?" समजा १०० मिलीचे सहा ग्लास, प्रत्येकी तीन. जिजू २५, ताई ३९. जिजू काठावर पास, ताई नापास. पोट भरलेलं असेल तर आकडा थोडा खाली येतो, पण किती ते माणसागणिक बदलतं, आणि शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच जाळतं. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. हॉस्टेलवर या विषयातले तज्ज्ञ खूप आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. ब्रेथ अॅनालायझर घेऊन उभ्या असलेल्या मामाला विडमार्क माहीत नसेल, पण यंत्राला माहीत असतो.

हे गणित मी एवढं का ताणलं? १९ मे २०२४ च्या पहाटे याच कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शने बाइकवरच्या दोघांना उडवलं. दोघंही चोवीस वर्षांचे, आयटीतले इंजिनिअर. आपल्यापैकी बरेच जण चार वर्षांनी ज्या जागी असतील तिथेच ते होते. तो मुलगा त्याआधी दोन ठिकाणी दारू प्यायला होता असं पोलिसांचं म्हणणं. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. उशिरा रिपोर्ट दिला तर आपल्याला यापेक्षा जास्त लिहायला लावतात. लोक भडकल्यावर तो आदेश बदलला. पण रस्त्यावर गेलेले दोघं गेलेच, आणि त्यांनी तर कुठली चूकही केली नव्हती.

जिजूंनी हा आकडा दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितला आणि गाडी लॉजच्या पार्किंगमध्येच राहिली. पेठांमधून जायचं तर वनाज-रामवाडी मेट्रो सोयीची, कल्याणीनगरला स्टेशन आहे. मुंढव्याला मात्र पुढे रिक्षा करावी लागते. परतताना मेट्रोची वेळ टळली तर अॅपवरून कॅब, आणि तिचे पैसे बिलातच धरून चालायचं. त्यांनी सॅम्पलर एकच मागवला, सोबत भरपूर जेवण आणि पाणी, आणि तीन तास बसले. ताईला कोकमाची चव कळली, जिजूंना केळ्याचा वास आला आणि दोघांत वाद झाला की कुठली चांगली. लहान ग्लासांचा खरा उपयोग हाच असावा. मोठा मग संपवायचा असतो, छोटा चाखायचा असतो.

कुणाच्या घरचे असा बेत करणार असतील तर एक गोष्ट आधी बघा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला अजूनही परमिट लागतं, आणि २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी असे ड्राय डे असतात. ताईने आधी ठरवलेली तारीख नेमकी आषाढीची होती. त्या दिवशी ब्रुअरी बंद, आणि रस्ता तर पालखीच्या आठवणीनेच भरलेला. मस्तानीला मात्र ड्राय डे नाही.