‘शेक’ म्हणजे शेवट नव्हे

कर्करोग म्हटला की आपल्याकडे दोन समजुती अगदी पक्क्या असतात. तो तंबाखू खाणाऱ्यालाच होतो, आणि रेडिएशनचे ‘शेक’ सुरू झाले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. सावेडीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात या दोन्ही समजुती घरोघरच्या तोंडून ऐकल्या, म्हणून हे लिहितो आहे.

ताईने कधी सुपारीचे खांडही तोंडात टाकलेले नाही. तिच्या उजव्या कानापुढे गाठ आली. कुणी गालगुंड म्हटले, कुणी लेप सुचवला. पण गालगुंड दुखते, ताप आणते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. ही गाठ दुखत नव्हती आणि वाढत होती. पुढे त्या बाजूचा डोळा नीट मिटेना, तेव्हा भाऊजी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सुईने पेशी काढून तपासल्या. लाळग्रंथीचा कर्करोग निघाला, तोही झपाट्याने वाढणारा.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्यांतली कानापुढची सर्वांत मोठी. तिच्यातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, हे आधी सांगितले पाहिजे. अडचण आहे ती जागेची. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. डोळा मिटणे, हसणे, चूळ भरणे, सारे तिच्यावर अवलंबून. सर्जन तिची एकेक फांदी जपत गाठ काढतात. पण रोगाने नसेलाच विळखा घातला असेल, तर तेवढा भाग काढावा लागतो. मानेतल्या गाठीही गरजेप्रमाणे काढतात.

“गाठ काढली, मग शेक कशाला?” भाऊजींनी विचारले. शेतकऱ्याला याचे उत्तर लगेच पटेल. हरळी कितीही खणली तरी एखादी काशी मातीत राहतेच. तशाच डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी रेडिएशन. म्हणजे ते हात टेकणे नव्हे, ऑपरेशनचाच पुढचा भाग.

ऑपरेशननंतर मुंबईत सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, दररोज काही मिनिटे. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या अनेकांप्रमाणे ताई-भाऊजी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. आधी दातांची तपासणी झाली, डोके हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा बनवला. किरण देताना दुखत नाही. त्रास पुढे होतो: तोंड येते, चव जाते, लाळ आटते. बाजरीची भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा पातळ वरणात कुस्करून खावी लागली.

रोग परतूही शकतो. अमेरिकेतील चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांच्यावर २००३ मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन दिले गेले. २००६ मध्ये जबड्याचा भाग काढावा लागला, वाचा गेली. तरी २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लिहीत राहिले. म्हणून उपचार संपल्यावरही ठरलेल्या तारखांना तपासणीला गेलेच पाहिजे. ताई एकही तारीख चुकवत नाही.

खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन तिच्यात येतात. आणि कानापुढे किंवा जबड्याखाली आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. न दुखणारी गाठच आधी दाखवावी.