करमत नाही म्हणणारी मुलगी आणि दोन तासांचं काम



बारावी झाली की आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली पुण्याला, कोल्हापूरला शिकायला जातात. महिन्याभरात फोन येतो, "आई, करमत नाही गं." आपण म्हणतो, अभ्यासात मन घाल. पण अडचण अभ्यासाची नसतेच. तास संपला की जो तो आपल्या घोळक्यात, आणि शहरातल्या मुलींचे घोळके आधीपासूनचे. चहाला बरोबर जायचं तर पर्समध्ये हात घालावा लागतो. आपली पोर खोलीवर येते नि दार लावून घेते.

मग एक दिवस ती विचारते, "मी रोज दोन तास काम करू का?" यावर आपण पटकन म्हणतो, "तुला काय कमी केलंय आम्ही?"

सख्यांनो, जरा थांबू या. आपण गटात कशाला आलो होतो? महिन्याची बचत टाकायला. मैत्री ठरवून कोणी केली नाही. वही लिहिताना, बँकेत एकत्र जाताना ती झाली. मुलीचंही तसंच होतं. नुसतं "मैत्रीण कर" म्हटलं तर लाजरी पोर बोलणार काय? हातात काम असलं की बोलायला निमित्त मिळतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कर्मवीरांच्याच नावाची 'कमवा आणि शिका' योजना आज पुणे विद्यापीठात आणि त्याच्या महाविद्यालयांत चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग इथे रोज दोन-तीन तास काम आणि तासावर मोबदला. मुलीला सांगा, कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात चौकशी कर.

काम निवडताना मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. ग्रंथालयाच्या खिडकीवर बसलं तर निम्मं कॉलेज ओळखीचं होतं. कोपऱ्यात एकटीनं संगणकावर आकडे भरायचे असले तर पैसे मिळतील, माणसं नाही मिळणार. बाहेरच्या दुकानातलं काम असेल तर सुटी किती वाजता होते, परतायला गाडी आहे का, परीक्षेत रजा मिळते का, पगार खात्यावर येतो का, हे आधी विचारून घ्यावं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानं महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. ती कुठे बसते, हेही मुलीला माहीत हवं. आणि तास बुडायला लागले, तर काम कमी करायचं, कॉलेज नाही.

एक आमच्या मनातलं. पहिल्या पगारातून गटाचा हप्ता भरायला तिला सांगू नका. तो आपण भरू. त्या पैशांतून तिला एकदा मैत्रिणींना चहा पाजू दे.