लिव्हरपूल : गोदीवर उतरलेलं गाणं

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनवर उतरणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या यादीत पहिलं नाव असतं ‘कॅव्हर्न क्लब’चं. मॅथ्यू स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली, खाली उतरत जाणारा जिना, विटांच्या कमानी आणि छोट्याशा मंचावर कोणीतरी आळवत असलेलं बीटल्सचं गाणं. पण बीटल्स जिथे गायले ते तळघर आज जसंच्या तसं उरलेलं नाही. भुयारी रेल्वेसाठी हवेचा झरोका काढायचा म्हणून मूळ क्लब १९७३ साली बंद झाला, वरची वखार पाडली आणि तळघर बुजवून टाकलं. १९८४ मध्ये बऱ्याचशा जुन्याच जागेवर, जुन्या विटा वापरून, तो पुन्हा उभा राहिला. आपलं गाणं हीसुद्धा मिळकत आहे, हे शहराला उमगायला मधली दहा-अकरा वर्षं जावी लागली.

म्हणून या शहराची सहल क्लबापासून नव्हे, मर्सी नदीपासून सुरू केलेली बरी. इथलं गाणं बोटींतून उतरलं, कापसाच्या गासड्यांच्या मागोमाग वाढलं आणि बंदराचे दिवस फिरल्यावर त्याच बंदराच्या कामी आलं.

मर्सीची भरती-ओहोटी जबरदस्त. ओहोटीला गलबतं चिखलात बसायची. त्यावर तोडगा म्हणून १७१५ साली इथे फाटकं लावून पाणी अडवणारी बंदिस्त गोदी सुरू झाली. या प्रकारची ही जगातली पहिली व्यापारी गोदी. आज तिच्यावर ‘लिव्हरपूल वन’ हा खरेदीचा परिसर आहे आणि त्याच्या पोटात शिरून जुन्या गोदीच्या भिंती वाटाड्यासोबत पाहता येतात. थोडं पुढे गेलं की अल्बर्ट डॉक. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याच्या हस्ते उघडलेल्या या वखारी जेसी हार्टली या अभियंत्याने ओतीव लोखंड, वीट आणि दगडात बांधल्या. सांगाड्यात लाकूड नाही, कारण वखारींना लागणाऱ्या आगींनी व्यापारी हैराण झाले होते. पाण्याच्या कडेचे ते जाडजूड, विटकरी रंगाचे लोखंडी खांब जवळ जाऊन पाहावेत. दोन माणसांनी हात पसरले तरच कवेत यावेत असा त्यांचा घेर.

या वैभवाच्या पायाशी काय आहे, तेही याच गोदीत सांगितलं जातं. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात लिव्हरपूलची जहाजं युरोपात आघाडीवर होती. त्याचा हिशेब मांडणारं आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय इथे २००७ साली उघडलं. बीटल्सची कहाणी सांगणारं ‘द बीटल्स स्टोरी’ याच आवारात १९९० पासून आहे. गोदीतल्या काही संग्रहालयांच्या नूतनीकरणाची मोठी कामं निघाली आहेत, तेव्हा आधी चौकशी करून गेलेलं बरं.

इंग्लंडमध्ये गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद झाला. कापसाचा मात्र वाढतच गेला. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस लिव्हरपूलला उतरायचा आणि तिथून लँकशायरच्या गिरण्यांत जायचा. व्यापारी टाउन हॉलमागच्या ‘एक्स्चेंज फ्लॅग्ज’ या फरसबंद चौकात उघड्यावर उभं राहून सौदे करत. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि या चौकातल्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. लिव्हरपूलच्या भावपत्रकात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावाने वेगळी जागा होती. इथला भाव चढला की मुंबईत पैशाचा पाऊस पडायचा. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांचं वेड हे त्याच पावसाचं पीक. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या.

याच धंद्यात पुढे जिम मॅकार्टनी नावाचा मुलगा चौदाव्या वर्षी नोकरीला लागला. कापसाचे नमुने गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. पुढे तो विक्रेता झाला. दिवसा कापूस आणि संध्याकाळी स्वतःचा ‘जिम मॅक्स जॅझ बँड’. त्याचा थोरला मुलगा म्हणजे बीटल्समधला पॉल.

बंदराचा असा धागा बीटल्सच्या घराघरात सापडतो. जॉन लेननचे वडील बोटीवर स्टुअर्ड, जॉर्ज हॅरिसनच्या वडिलांनीही बस चालवण्याआधी बोटीवर नोकरी केलेली. क्युनार्ड कंपनीच्या बोटींवरून न्यूयॉर्कच्या फेऱ्या करणाऱ्या खलाशांना शहरात ‘क्युनार्ड यँक’ म्हणत. अमेरिकी सूट, अमेरिकी तबकड्या, क्वचित एखादी गिटारसुद्धा त्यांच्या सामानातून यायची. हॅरिसनने १९६१ मध्ये घेतलेली काळी ग्रेच गिटार अशाच एका दर्यावर्दीने अमेरिकेहून आणलेली होती.

दुसऱ्या दिशेनेही माणसं येत होती. ‘लॉर्ड वुडबाइन’ या नावाने ओळखला जाणारा त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक १९४८ साली ‘विंडरश’ बोटीने इंग्लंडला आला. स्लेटर स्ट्रीटवरच्या ‘जॅकरांडा’ क्लबात कॅरिबियन स्टील बँड वाजायचा आणि पोरवयातले बीटल्स तिथे घुटमळायचे. १९६० साली त्यांना हॅम्बुर्गला घेऊन जाणाऱ्या गाडीत वुडबाइनही होता.

दिल्लीत जन्मलेल्या मोना बेस्ट मद्रासमध्ये झालेल्या आपल्या पीट या मुलाला घेऊन १९४५ च्या नाताळात सैनिकांच्या बोटीने लिव्हरपूलला उतरल्या. १९५४ मध्ये दागिने गहाण टाकून त्यांनी डर्बी शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर पैसे लावले. भाव होता तेहतीसास एक. घोडा जिंकला आणि त्या पैशातून वेस्ट डर्बीत मोठं घर आलं. त्याच घराच्या तळघरात २९ ऑगस्ट १९५९ रोजी त्यांनी ‘कॅस्बा’ हा पोरांचा कॉफी क्लब उघडला. पहिल्या रात्री वाजवायला होते लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन. पीट बेस्ट पुढे दोन वर्षं त्यांचा ड्रमवादक होता. रिंगो स्टार आला तो त्याच्या जागी. कॅव्हर्नसारखं हे तळघर कुणी बुजवलं नाही. पोरांनी स्वतः रंगवलेली छतं आजही डोक्यावर हात पोचेल इतक्या जवळून पाहता येतात.

बीटल्सपलीकडेही पाहायला आणि ऐकायला पुष्कळ आहे. सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५५ पासूनचा हेन्री विलिसचा भव्य ऑर्गन आहे. अँग्लिकन कॅथीड्रलमधला तर दहा हजारांहून अधिक नळ्यांचा, देशातला सर्वांत मोठा. तिथून कॅथलिक कॅथीड्रलपर्यंत जाणाऱ्या होप स्ट्रीटवर फिलहार्मोनिक हॉल लागतो. त्याची संस्था १८४० सालची. टायटॅनिकवरच्या वादकांच्या स्मरणार्थ इथे पाटी लावलेली आहे. नदीकाठच्या पियर हेडला रॉयल लिव्हर, क्युनार्ड आणि बंदर कार्यालय या तीन इमारतींसमोर उभं राहून फेरीबोट पकडावी. बोटीवर जेरी अँड द पेसमेकर्सचं मर्सीवरचं गाणं लागतंच. याच मंडळींनी १९६३ मध्ये एका अमेरिकी संगीत नाटकातलं गाणं गायलं आणि लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफील्ड मैदानावरच्या फुटबॉलप्रेमींनी ते कायमचं आपलंसं केलं.

उपनगरांतल्या बीटल्सच्या खुणांसाठी बस किंवा टॅक्सी हवी. पेनी लेनच्या पाट्या इतक्यांदा चोरीला गेल्या, की शेवटी नाव भिंतींवरच रंगवावं लागलं. ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ हे साल्व्हेशन आर्मीचं जुनं बालगृह २०१९ पासून लोकांसाठी खुलं आहे. वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ रोजी लेनन आणि मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले.

दोघांची घरं आता वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहेत. लेननचं ‘मेंडिप्स’ हे नीटनेटकं मध्यमवर्गीय घर. मावशी मिमीला गिटारचा कलकलाट घरात नको असायचा, म्हणून दोघं पुढच्या काचेच्या चिंचोळ्या पडवीत वाजवत बसायचे. तिथे आवाज छान घुमायचा. मॅकार्टनींचं २०, फोर्थलिन रोड हे त्यामानाने साधं, नगरपालिकेच्या चाळवजा रांगेतलं. तिथल्या बैठकीत जिमचा पियानो असायचा. तो घेतला होता ‘नेम्स’ या दुकानातून, म्हणजे पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झालेल्या ब्रायन एपस्टाइनच्या घरच्या दुकानातून.

लिव्हरपूलचं गाणं हिंदुस्थानकडेही आलं. १९६६ च्या ‘रिव्हॉल्वर’ तबकडीवर हॅरिसनच्या एका गाण्याला तबला आहे आणि वेष्टनावर अनिल भागवत हे वादकाचं नाव छापलेलं आहे. जानेवारी १९६८ मध्ये तर हॅरिसन ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन बसला. सरोदला आशिष खाँ, संतूरला शिवकुमार शर्मा, बासरीला हरिप्रसाद चौरसिया. त्याच बैठकांत ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ मुद्रित झाला. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर जागा मिळालेलं हॅरिसनचं ते पहिलं गाणं.

त्यानंतर काही वर्षांतच मालाचे मोठे डबे (कंटेनर) आले, बंदर नदीच्या मुखाकडे सीफोर्थला सरकलं आणि १९७२ साली अल्बर्ट डॉक बंद पडला. १९३० च्या सुमारास साडेआठ लाखांच्या आसपास असलेली लोकवस्ती २००१ मध्ये साडेचार लाखांच्या खाली उतरली. गोदी पुन्हा उघडली ती १९८८ मध्ये, पर्यटकांसाठी. २००४ साली युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला. २०१५ मध्ये ‘संगीतनगरी’ असा किताब दिला. २०२१ मध्ये मात्र काठावरच्या नव्या बांधकामांकडे बोट दाखवत वारशाचा दर्जा काढून घेतला. त्या वादातलंच एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम आता ब्रॅमली-मूर डॉकवर उभं आहे. संगीतनगरीचा किताब तेवढा शाबूत राहिला.

तो नुसता जुन्या आठवणींवर पोसला जाऊ नये, अशी धडपड काही ठिकाणी दिसते. मॅकार्टनी आणि हॅरिसन ज्या शाळेत शिकले, तिच्या पडक्या इमारतीत मॅकार्टनीच्या पुढाकाराने १९९६ साली कला शिक्षणाची संस्था उभी राहिली. फोर्थलिन रोडच्या घरात २०२२ पासून नॅशनल ट्रस्ट अजून कुठल्या कंपनीशी करार न झालेल्या नव्या गायकांना बोलावतो. दाराबाहेर पर्यटकांची छोटी बस थांबलेली असते, आणि आत नव्या गाण्यांच्या चाली बांधायचं काम पुन्हा सुरू झालेलं असतं.