बारीक अंगातली चरबी

कुवेत-कतारमधला लठ्ठपणा डोळ्यांना दिसतो. आपला सदऱ्याआड लपतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचं छायाचित्रच छापलं. आपल्याकडे चरबी पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात साठते, इन्सुलिनला दाद लागू देत नाही. म्हणून परभणीच्या मोंढ्यात पोती उचलणारा सडपातळ माणूसही मधुमेही निघू शकतो. ‘मी कुठं जाड आहे?’ हे ऐकलं की मला काळजीच वाटते. वजनकाट्याआधी टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषांची ९० किंवा बायकांची ८० सेंटिमीटरपुढे गेली असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या.