गणपतीला रंग किती लागतो?

गेल्या उन्हाळ्यात पेणच्या एका कारखान्यात फूटभर उंचीच्या गणपतीसमोर मी बसले होते. अस्तराचा पांढरा हात देऊन झाला होता, अंगाचा रंग अजून चढायचा होता. शेजारी बसलेल्या कारागीरकाकांना विचारलं, "काका, याला रंग किती लागेल?" त्यांनी वाटी उचलली आणि आतल्या बाजूला अंगठ्याने खूण दाखवली. "इथपर्यंत."

"कधी मोजलंत?"

"मोजायचं काय त्यात? हाताला कळतं."

त्या हाताला कळतं ते कागदावर आणायला माणसाला किती वळसे घ्यावे लागले, हे घरी येऊन वाचत गेले आणि थक्क झाले. भिंतीचं सोपं असतं. लांबी गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. गणपतीच्या अंगावर मात्र पट्टी ठेवायला सरळ जागाच नाही. सोंडेचा वळसा, पोटाचा घेर, पितांबराच्या चुण्या, मुकुटाची नक्षी, कानामागची खोबण. या सगळ्यावरून सलग पसरलेल्या पातळ त्वचेचं क्षेत्रफळ काढायचं कसं?

सुरुवात पोटापासून करू, कारण ते गोल आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त गोलाच्या पृष्ठफळाचा नियम आहे: गोल मधोमध कापल्यावर जे वर्तुळ दिसतं, त्याच्या बरोबर चौपट. हे पृष्ठफळ म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी चेंडूभोवती विणलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे. पुढे नियमाची उपपत्ती देताना त्यांनी गोलाच्या पाठीचे अगदी अरुंद पट्टे पाडून त्यांची बेरीज केली. जाळं हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

तो 'चौपट'ही पुन्हा भेटतो, आणि तोही अगदी अनपेक्षित जागी. एकोणिसाव्या शतकात कोशी या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं, की कुठेही खोलगट नसलेली कोणतीही वस्तू घ्या, लिंबू घ्या, साबणाची वडी घ्या, काड्यापेटी घ्या. ती उन्हात सर्व बाजूंनी फिरवा. किरणांच्या समोर काटकोनात कागद धरून प्रत्येक वेळी सावलीचं क्षेत्रफळ मोजा आणि सगळ्या सावल्यांची सरासरी काढा. वस्तूचं पृष्ठफळ त्या सरासरीच्या नेमकं चौपट भरतं. गोलाची सावली कशीही फिरवली तरी तेच वर्तुळ, म्हणून तिथे भास्कराचार्यांचा नियम जसाच्या तसा हाती येतो. काड्यापेटी आणि चेंडू यांना बांधणारा एकच आकडा आहे, हे वाचून मी कितीतरी वेळ हातातलं लिंबू फिरवत बसले होते.

गणपतीपाशी मात्र सावली फसते. सोंडेमागे पोट आहे, हातामागे छाती आहे, आणि सावलीत हे सगळे एकमेकांत मिसळून जातात. तिथे जाळंच कामाला येतं. मूर्तीचे चहूबाजूंनी फोटो काढले, की संगणक त्यांतल्या समान खुणा जुळवून अवकाशात हजारो, लाखो बिंदू मांडतो आणि शेजारचे तीन-तीन बिंदू जोडून मूर्तीवर त्रिकोणांचं जाळं चढवतो. या कामातली माणसं त्याला 'मेश' म्हणतात, म्हणजे जाळंच. त्रिकोणाचे तीन कोपरे कुठे आहेत ते ठाऊक असलं, की त्याचं क्षेत्रफळ एका ओळीच्या गणितात निघतं. मग नुसती बेरीज.

जाळं जितकं बारीक तितकं उत्तर अचूक, असं कोणालाही वाटेल. हेरमान श्वार्ट्झ या जर्मन गणितज्ञाने 1880च्या सुमारास या समजुतीला धक्का दिला. साधं नळकांडं घेऊन त्यावर त्याने त्रिकोण असे बसवले, की प्रत्येक कोपरा अगदी नळकांड्याच्या अंगावरच टेकेल. मग त्याने उंचीकडचे थर भराभर वाढवले, पण घेरातले बिंदू त्या मानाने सावकाश. त्रिकोण बारीक होत गेले, नळकांड्याला अधिकाधिक चिकटत गेले, आणि त्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज मात्र वाढतच गेली, कोणत्याही मर्यादेपलीकडे! कारण ते त्रिकोण हळूहळू आडवे कलतात. पेटीचा भाता मिटल्यावर चार बोटांत मावतो आणि उघडला की केवढा होतो, ते आठवा. नळकांड्याचा असाच भाता झाला होता. बिंदू जागेवर असून भागत नाही, त्रिकोणाचं तोंडही पृष्ठभागाच्या दिशेला हवं.

मूर्तीच्या स्कॅनमध्येही हे घडतं. गुळगुळीत पोटावर यंत्राच्या चुकीने खोटे उंचवटे उमटतात आणि क्षेत्रफळ विनाकारण फुगतं. बरं, खरा खडबडीतपणा मोजायचा तर किती खोल जायचं? मातीचा कण न् कण, त्यामधली फट न् फट धरली तर बेरीज वाढतच राहील. हा हिशेब रंगच सोडवतो. एक लीटर रंग 10 चौरस मीटरवर पसरला, तर ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका होतो, साधारण केसाच्या जाडीचा. त्याहून बारीक ओरखडे रंग बुजवून टाकतो, त्यांच्या कडेकडेने फिरत नाही. म्हणजे किती बारकाईने मोजायचं हे मूर्ती ठरवत नाही, तिच्यावर चढणारा थर ठरवतो. या सबंध विषयातलं मला सगळ्यांत सुंदर वाटलेलं हे आहे.

आकार गुंतागुंतीचा झाला की केवढा फरक पडतो, ते पॅरिसच्या आयफेल टॉवरवर दिसतं. 18,038 सुटे भाग आणि 25 लाख रिव्हेट यांनी जोडलेलं सुमारे 7,300 टन लोखंड. ते सगळं वितळवून एकच चौकोनी ठोकळा ओतला, तर त्याची बाजू दहा मीटरही भरणार नाही, आणि रंगवायला जेमतेम पावणेसहाशे चौरस मीटर जागा मिळेल. टॉवरचा रंगवायचा पृष्ठभाग आहे सुमारे अडीच लाख चौरस मीटर, चारशे पटींहून अधिक. साधारण सात वर्षांनी एकदा त्यावर 60 टन रंग चढतो, तोही हाताने, ब्रशने. भागाकार करून पाहा: चौरस मीटरला 240 ग्रॅम. एवढा अवाढव्य सांगाडा, पण हिशेबाला येतो मूठभर रंगापर्यंत.

पुन्हा गणपतीकडे येऊ. त्याच्या मेशच्या फाइलमधून निघालेल्या आकड्यातून काही वजाही करावं लागतं. मूर्ती पोकळ असेल तर काही फायलींत आतली बाजूही मोजली जाते. मुकुट वेगळा घडवून डोक्यात बसवलेला असेल, तर दोघांचे आत गाडले गेलेले भागही बेरजेत येतात. पाटाला टेकणारा तळ तर असतोच. यांतल्या कशालाही रंग लागत नाही.

त्या दिवशी काकांनी अंगाचा रंग घेतला आणि सोंड व पोट यांच्या फटीत बारीक ब्रश घातला. केस वाकले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. आत नखाएवढा पांढरा ठिपका तसाच राहिला होता. मी अगदी वाकून पाहिल्यामुळे मला दिसला. काकांनी मूर्ती उजेडाकडे धरली, एकदा डावीकडे फिरवली, एकदा उजवीकडे. कुठूनच तो दिसेना. त्यांनी गणपती सुकायला फळीवर ठेवला आणि पुढचा हातात घेतला. वाटीतला रंग अंगठ्याच्या खुणेइतकाच खाली गेला होता.