पत्ता राऊटरचा, बूट फाइल आपली!

हार्ड डिस्क नसलेला पीसी चालू केला की त्याला स्वतःचा आयपी अॅड्रेसही माहीत नसतो. तो नेटवर्कभर हाका मारतो आणि डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो. पण नेटवर्कवरून बूट व्हायला एवढं पुरत नाही. बूट फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे, तिचं नाव काय, हेही कळायला हवं. राऊटरमध्ये ऑप्शन ६६ आणि ६७ भरले की काम होतं, पण लॅबच्या राऊटरचा पासवर्ड आपल्याला कोण देणार?

मग काहीजण सरळ दुसरा डीएचसीपी सर्व्हर लावायला निघतात. मित्रांनो, प्लीज नको! दोघांनी एकच पत्ता दोन मशीनना वाटला की ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी अख्ख्या मजल्याची बोंब.

यावरचा उपाय इंटेलच्या १९९९ च्या पीएक्सई २.१ स्पेसिफिकेशनमध्येच आहे: प्रॉक्सी डीएचसीपी. हा पत्ते वाटतच नाही. विनंतीच्या ऑप्शन ६० मध्ये 'पीएक्सईक्लायंट' दिसलं तरच बोलतो, तेही फक्त बूटबद्दल. पीसी दोन्ही उत्तरं जोडून घेतो आणि टीएफटीपीने फाइल ओढतो. लिनक्सवर डीएनएसमास्कच्या डीएचसीपी-रेंज या ओळीत नेटवर्कचा पत्ता, स्वल्पविराम आणि पुढे 'प्रॉक्सी' हा शब्द, बस्स. मला तर ही आयडिया जाम आवडली.

फायरवॉलमध्ये यूडीपी ६७, ६९ आणि ४०११ उघडे ठेवा, नाहीतर बसाल काळ्या स्क्रीनकडे बघत. आणि लॅबमध्ये जुनी-नवी मशीन एकत्र असतील तर ऑप्शन ९३ बघून बायोस आणि यूईएफआयला वेगवेगळी फाइल द्या, एकीची दुसऱ्याला चालत नाही.